रसायनशास्त्राच्या अभ्यास मंडळांना खुलं पत्र: मुलांना खरं रीडिंग लिहू द्या

माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

पदवीच्या वर्गांना रसायनशास्त्र काय आणि कसं शिकवायचं हे आपण ठरवता. कोणत्या सत्रात कोणतं प्रॅक्टिकल, त्याला किती गुण, ते कशासाठी द्यायचे, जर्नल कसं तपासायचं, या सगळ्यावर आपल्या बैठकीत शिक्कामोर्तब होतं. म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे.

मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे आणि औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. नुकतीच पदवी हातात पडलेली मुलं-मुली आमच्याकडे रुजू होतात, तेव्हा त्यांना कामाला लावण्याची जबाबदारी बरेचदा माझ्यावर येते. मुलं हुशार असतात. कुठली अभिक्रिया कुठल्या टप्प्यांतून जाते हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात, ऑर्बिटलच्या आकृत्या सुबक काढतात. पण आलेलं रीडिंग आलं तसं कागदावर उतरव म्हटलं की हात थबकतो. आधी विचारतात, "सर, किती यायला हवं होतं?"

वेगवेगळ्या महाविद्यालयांतून आलेल्या मुलांच्या तोंडी हाच प्रश्न असतो, तेव्हा तो कुणा एकाचा स्वभाव म्हणून सोडून देता येत नाही. प्रॅक्टिकलची गुणपद्धत त्यांना तो शिकवते. अपेक्षित उत्तराच्या जितकं जवळ, तितके गुण जास्त, हा नियम पहिल्या वर्षापासून शेवटच्या परीक्षेपर्यंत पाठ सोडत नाही. माझी मागणी एवढीच आहे की हा नियम बदला.

पहिल्या वर्षाच्या कुठल्याही जर्नलमधलं टायट्रेशनचं, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने घालून तीव्रता काढण्याच्या प्रयोगाचं, पान उघडून बघा. पिपेटने १० मिली आम्ल कोनिकल फ्लास्कमध्ये, त्यात दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन (रंग बदलून शेवट दाखवणारं द्रावण), ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणा केलेल्या तोटीच्या उभ्या नळीत, सोडियम हायड्रॉक्साइड. पायलट, म्हणजे पहिलं अंदाजाचं, रीडिंग "१० ते ११". त्याखाली तीन रकाने: १०.२, १०.२, १०.२. शेवटी चौकटीत "कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग १०.२ मिली". शेजारच्या टेबलावरच्या मुलाचंही १०.२, पलीकडच्या मुलीचंही १०.२.

ब्युरेटवरची सर्वांत लहान खूण ०.१ मिलीची असते. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. रंग फिकट गुलाबी झाला असं एकाला एका थेंबावर वाटतं, दुसऱ्याला पुढच्या. डोळा मेनिस्कसच्या (नळीतल्या द्रवाच्या वक्र पृष्ठभागाच्या) पातळीत नसला की रीडिंग वर-खाली होतं. क्लास ए दर्जाच्या ५० मिली ब्युरेटलासुद्धा ०.०५ मिलीपर्यंतची चूक माफ असते आणि क्लास बी ब्युरेटला त्याच्या दुप्पट. अशा उपकरणांनी वीस जणांनी काम करायचं आणि सगळ्यांच्या जर्नलमध्ये एकच आकडा उमटायचा, हे हाताने होत नाही. ते कॅल्क्युलेटरवर होतं. द्रावणाची नॉर्मॅलिटी, म्हणजे तीव्रता, वर्गात सांगितलेली असते किंवा मागच्या बॅचकडून कळलेली असते. त्यावरून उलटं गणित मांडलं की रीडिंग किती "यायला हवं" ते निघतं. मुलं याला रीडिंग ॲडजस्ट करणं म्हणतात आणि त्यात आपण काही वावगं करतो आहोत असं त्यांना वाटतही नाही. अशा पानावर सही होते, गुण पडतात, मग वाटावं तरी का?

शिक्षकांवर खापर फोडण्यासाठी हे लिहीत नाही. बॅच मोठ्या, प्रॅक्टिकलची यादी लांब, जर्नल ठरलेल्या तारखेला पूर्ण व्हायला हवं. मूल खऱ्या रीडिंगवर अडलं तर त्याच्याशी बोलायला वेळ कुठून आणायचा? कित्येक शिक्षकांना ही पद्धत माझ्याइतकीच खुपते. त्यांचे हात आपण आखलेल्या चौकटीने बांधलेले आहेत.

या सवयीने किती नुकसान होतं हे समजायला हवेतल्या आरगॉन वायूचा शोध पुरेसा आहे. पदवीच्या पुस्तकात तो दोन ओळींत येतो. तो खरं तर प्रॅक्टिकलच्या पहिल्या तासाला सांगायला हवा.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले वायूंची घनता मोजत होते. नायट्रोजन त्यांनी दोन मार्गांनी मिळवला. एकदा हवेतला ऑक्सिजन तापलेल्या तांब्यावर काढून टाकून, आणि एकदा अमोनियाच्या मदतीने. दोन्हींच्या घनतेत फरक पडला, पण अगदी थोडा, हजारात एक भाग. हा फरक खपून गेला असता. रॅले यांनी तो वाढवून पाहिला. अमोनियाच्या पद्धतीत आधी हवा वापरली होती, त्यामुळे तिथेही बराचसा नायट्रोजन हवेतलाच येत होता. त्यांनी हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन घेतला, म्हणजे सगळा नायट्रोजन अमोनियातूनच यावा. फरक पाचपट झाला. त्याच काचेच्या गोळ्यात हवेतला नायट्रोजन सुमारे २.३१० ग्रॅम भरायचा आणि रासायनिक मार्गाने काढलेला सुमारे २.२९९ ग्रॅम. १८९२ साली त्यांनी 'नेचर' नियतकालिकाला पत्र पाठवून ही विसंगती उघड मांडली आणि कारण काय असेल असं वाचकांना विचारलं.

पुढे रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसे यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा नेला. नायट्रोजन शोषला गेला, थोडा वायू मागे उरला आणि त्याचा वर्णपट कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना. १८९४ मध्ये दोघांनी नवा वायू सापडल्याचं जाहीर केलं. १९०४ साली रॅले यांना भौतिकशास्त्राचं आणि रॅमसे यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी, १७८५ मध्ये, हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेतल्या नायट्रोजनवर विजेच्या ठिणग्या पाडून पाहिल्या होत्या. काही केल्या एक लहानसा बुडबुडा शिल्लक राहत होता. तो मूळ वायूच्या १/१२० भागाहून मोठा नव्हता, तरी त्यांनी तो लिहून ठेवला. हवेत आरगॉन सुमारे ०.९३ टक्के आहे. कॅव्हेंडिश यांच्या नळीतला तो बुडबुडा बहुतांशी आरगॉनचाच होता.

आता वरच्या जर्नलकडे परत बघा. १०.२ मिलीच्या टायट्रेशनमध्ये एक थेंब इकडे-तिकडे झाला तर जवळपास अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. रॅले यांच्या दोन नायट्रोजनांतला फरकही अर्ध्या टक्क्याचाच होता. त्यांना तो खरा मानता आला, कारण एकाच पद्धतीने पुन्हा पुन्हा केलेली त्यांची वजनं आपसात त्याहून कितीतरी जवळ होती. आपल्या हाताने आलेली रीडिंग्ज किती विखुरतात हे ठाऊक असेल, तरच कुठला फरक थेंबाचा आणि कुठला नव्या मूलद्रव्याचा हे ओळखता येतं. तिन्ही रकान्यांत १०.२ लिहून मोकळ्या झालेल्या विद्यार्थ्याला ही ओळख होणार कशी?

खरी रीडिंग्ज किती शिकवतात हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या कायनेटिक्सच्या (अभिक्रियेच्या वेगाच्या) प्रॅक्टिकलमध्ये फार छान दिसतं. मिथाइल ॲसिटेटचं आम्लाच्या उपस्थितीत जलविघटन: ठरावीक वेळाने ५ मिली मिश्रण काढायचं, बर्फाच्या पाण्यात टाकून अभिक्रिया मंदावायची, सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करायचं. शेवटी अनंत काळाचं, म्हणजे अभिक्रिया पूर्ण संपल्यावरचं, रीडिंग घ्यायचं, त्यातून प्रत्येक वेळचं रीडिंग वजा करायचं आणि त्या फरकाचा लॉग काळासमोर मांडायचा. पुस्तक म्हणतं सरळ रेषा येईल. जर्नलमध्ये ती येतेच. आधी पट्टीने रेषा, मग रेषेवर टिंबं.

खरे बिंदू मांडले तर काय दिसतं? पहिले एक-दोन बिंदू कित्येकदा रेषेबाहेर जातात, कारण मिश्रणाचं तापमान अजून स्थिरावलेलं नसतं, आणि तापमान थोडं हललं तरी वेग हलतो. मधले बिंदू नीट बसतात. शेवटचे पुन्हा विखुरतात आणि यामागचं कारण मला सर्वांत मोलाचं वाटतं. सुरुवातीला वजाबाकीचं उत्तर १० मिली असेल तर एका थेंबाची चूक अर्ध्या टक्क्याची होते. अभिक्रिया संपत आली आणि ते उत्तर १ मिलीवर आलं की तोच थेंब पाच टक्क्यांचा होतो. लॉग घेतल्यावर तो आणखी ठळक दिसतो. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून लहान आकडा काढला की चूक कशी फुगते, हे यापेक्षा चांगलं कुठे शिकायला मिळणार? रेषेवर चिकटवलेल्या टिंबांबरोबर हा सगळा धडा वाया जातो. मग आमच्याकडे आलेल्या मुलाला आलेखातल्या कुठल्या बिंदूवर जास्त विसंबावं आणि कुठल्यावर कमी, हे पहिल्यापासून शिकवावं लागतं.

मेल्टिंग पॉइंटचंही तेच. बेंझोइक ॲसिड १२२ अंश सेल्सिअसला वितळतं हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून जर्नलमध्ये १२२ असतं. प्रत्यक्षात नीट न वाळलेला नमुना ११७ ला मऊ पडायला लागतो आणि १२० ला पूर्ण वितळतो. हे तीन अंशांचं अंतर आणि खाली घसरलेला आकडा, दोन्ही सांगतात की नमुन्यात ओल किंवा अशुद्धी आहे, पुन्हा रिक्रिस्टलाइझ करा (विरघळवून स्फटिक पाडून शुद्ध करा), नीट वाळवा. एकच आकडा लिहायला लावून आपण मुलांना या खुणा पुसायला शिकवतो.

पुस्तकातल्या आकड्यांबद्दलही थोडं सांगतो, कारण मुलांच्या मनात ते दगडावर कोरलेले असतात. अणुभारसुद्धा एकच ठरलेला आकडा असतो असं नाही. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ थिओडोर रिचर्ड्स यांनी १९१४ मध्ये दाखवलं की किरणोत्सारी खनिजांतून काढलेल्या शिशाचा अणुभार नेहमीच्या शिशापेक्षा कमी भरतो. त्याच वर्षीचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना अणुभारांच्या अचूक मोजणीसाठी मिळालं. २००९ मध्ये आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन, क्लोरीन अशा १० मूलद्रव्यांचे प्रमाण अणुभार एका आकड्याऐवजी दोन टोकांत देण्याचा निर्णय घेतला, कारण निसर्गातल्या वेगवेगळ्या पदार्थांत समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण वेगवेगळं असतं. हायड्रोजनचा अणुभार त्या तक्त्यात १.००७८४ ते १.००८११ असा आहे. जगातले सर्वांत काटेकोर रसायनशास्त्रज्ञ आपल्या आकड्यांची दोन टोकं उघडपणे छापतात, आणि पदवीच्या मुलाला मात्र तीन एकसारखी रीडिंग्ज दाखवावी लागतात.

आता मी जिथे काम करतो तिथलं सांगतो. औषधाच्या प्रयोगशाळेत रीडिंग ज्या क्षणी घेतलं त्याच क्षणी, शाईने, क्रमांक घातलेल्या वहीत लिहायचं असतं. सुट्या चिठ्ठीवर लिहून नंतर सुवाच्य अक्षरात उतरवणं चालत नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी कारण, सही, तारीख. वजनकाट्याची छापील पावती सोबत जोडायची. समजा गोळीतल्या औषधाचं प्रमाण ९५.० ते १०५.० टक्के असायला हवं आणि उत्तर ९४.६ आलं, तर ते ९५ म्हणून पुढे ढकलता येत नाही. पुन्हा पुन्हा तपासणी करून चांगलं उत्तर मिळेपर्यंत थांबताही येत नाही. आधी कारण शोधायचं: नमुना नीट विरघळला होता का, मोजणी चुकली का, की औषधच कमी आहे. अशा तपासाशिवाय केवळ पास होईपर्यंत पुन्हा चाचण्या करत राहणं अमेरिकेतल्या एका न्यायालयाने १९९३ सालीच अमान्य ठरवलं आहे. हे नियम कडक आहेत, कारण तो ९४.६ टक्क्यांचा आकडा अखेर कुणाच्या तरी पोटात जाणाऱ्या गोळीबद्दल असतो.

या सगळ्यात रसायनशास्त्र अवघड नसतं. अवघड असतं ते नको असलेला आकडा लिहून त्याखाली सही करणं. नव्याने आलेली एक मुलगी माझ्यासमोर वहीत ९४.६ लिहून तशीच पेन धरून बसली होती. गणित बरोबर, काम नीटनेटकं. "आता माझं काय होईल?" असं तिने विचारलं. तिच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तीळमात्र शंका नव्हती. पण असं रीडिंग लिहिल्यावर कुणी आधी कौतुक करतं आणि मग शांतपणे कारण शोधायला मदत करतं, हे तिने पदवीच्या संपूर्ण काळात एकदाही अनुभवलं नव्हतं.

आपल्याकडून मला काय हवं आहे ते आता नेमकं सांगतो.

द्रावणाची तीव्रता मुलांना आधी कळता कामा नये. लॅब असिस्टंटने तीन-चार वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणं करून बाटल्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक घालायचे. हे काम फार नाही, आणि उलटं गणित तिथल्या तिथे बंद पडतं. ब्युरेटचं रीडिंग दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत अंदाजाने लिहायला लावा: १०.१५, १०.२०, १०.२५. "कॉन्स्टंट" रीडिंगची चौकट काढून तिथे सरासरी आणि सर्वांत मोठ्या व लहान रीडिंगमधला फरक, असे दोन आकडे मागा. मेल्टिंग पॉइंट कुठून कुठपर्यंत, असाच लिहायला सांगा.

कच्च्या नोंदींची वही वेगळी ठेवा आणि गुण त्या वहीला द्या. आज ती नोंद सुट्या कागदावर होते, घरी जर्नल सुंदर अक्षरात उतरवलं जातं आणि कागद कचऱ्यात जातो. तो कागद हेच खरं जर्नल. खाडाखोड असू द्या, डाग असू द्या.

अचूकतेला किंमत नको असं मी म्हणत नाही. हात बसलाच पाहिजे. पण तीव्रता अज्ञात असताना मिळवलेली अचूकताच खरी असते. तिला थोडे गुण ठेवा आणि मर्यादा उपकरणांच्या चुकीला साजेशी ठेवा. बाकीचे गुण नोंदीला आणि एका प्रश्नाला द्या: तुझं उत्तर असं का आलं असावं? पहिल्याच आठवड्यात या प्रश्नाला किती चांगली उत्तरं येतील बघा. ब्युरेट भरल्यावर फनेल वरच राहिलं आणि त्यातून थेंब पडला. नॉझलमध्ये हवेचा बुडबुडा होता. पिपेटचा शेवटचा थेंब फुंकून पाडला. सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली उघडी राहिली, त्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढला, म्हणून मागच्या आठवड्यापेक्षा जास्त लागलं. यातलं प्रत्येक उत्तर म्हणजे रसायनशास्त्रच आहे.

बॅचची सगळी रीडिंग्ज एकदा फळ्यावर लिहून घ्या. वीस जणांची प्रत्येकी तीन, म्हणजे साठ आकडे. ते कसे पसरतात, मधे कुठे दाटतात, एखादा लांब का पडला, यावर अर्धा तास बोलायला ठेवा. त्रुटींच्या सिद्धांतावरच्या एका संपूर्ण व्याख्यानातून जे पोचत नाही ते या अर्ध्या तासात पोचतं.

वेळ नाही, हा आक्षेप येणारच, आणि तो खरा आहे. त्यावर माझं उत्तर सरळ आहे: प्रॅक्टिकलची संख्या कमी करा. एका सत्रात दहा प्रयोग एकेकदा करण्यापेक्षा सहा प्रयोग, त्यांतले दोन पुन्हा, हे कितीतरी अधिक उपयोगाचं. रसायनं महाग पडत असतील तर कमी आकारमानावर काम करा. वगळलेल्या चार प्रयोगांसाठी कुणी नोकरी नाकारणार नाही आणि पदव्युत्तर प्रवेशालाही अडणार नाही.

बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना सगळीकडे सारखी गुणपद्धत लागते, असंही कुणी म्हणेल. तीही होईल, फक्त अपेक्षित उत्तराच्या तक्त्याऐवजी नोंदींच्या निकषांचा तक्ता द्यावा लागेल: रीडिंग वेळच्या वेळी लिहिलं का, दशांश स्थळं उपकरणाला धरून आहेत का, खाडाखोड वाचता येते का, विसंगतीचं दिलेलं कारण तपासण्याजोगं आहे का. असा तक्ता करायला आमच्यासारख्या प्रयोगशाळांत काम करणारी माणसं आनंदाने मदत करतील. मी तर नक्कीच करीन.

रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८२४ नंतर जर्मनीतल्या गीसेनमध्ये जी शिकवण्याची प्रयोगशाळा उभी केली, तिथे विद्यार्थी स्वतःच्या हाताने पदार्थांचं विश्लेषण करत आणि हळूहळू नव्या, कुणालाच उत्तर माहीत नसलेल्या पदार्थांकडे वळत. रसायनशास्त्राची पदवी प्रॅक्टिकलशिवाय देता येत नाही ही समजूत जगभर रुजण्यात त्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. तिसऱ्या वर्षात निदान एक प्रयोग असा ठेवा, ज्याचं उत्तर शिक्षकालाही आधी माहीत नसेल.

सगळं एकदम बदलणं शक्य नाही, हे मला कळतं. म्हणून सुरुवात पहिल्या वर्षाच्या एका टायट्रेशनपासून करावी: अज्ञात तीव्रता, दोन दशांश स्थळं, कच्ची वही आणि अपेक्षित उत्तराशी जुळण्याला शून्य गुण. पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी एवढा एक बदल आपल्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, अशी कळकळीची विनंती.

आपला नम्र,
रसायनशास्त्राचा एक पदवीधर